ड्राय बाल्कनीतला ट्रे

“हल्ली अत्तर बदललंत वाटतं.”

समोरच्या फ्लॅटमधले काका लिफ्टचं दार एका हाताने अडवून बाबांना म्हणत होते. बाबा दुधाच्या पिशव्या घेऊन नुकतेच वर आले होते.

“अत्तर?” बाबा म्हणाले.

“नाही, जिन्यापर्यंत दरवळतं, म्हणून म्हटलं.” आणि काका लिफ्टमध्ये शिरले.

मी सेफ्टी डोअरच्या आत एका पायात सँडल घालून उभी होते. जाळीतून बाबांचा चेहरा दिसत होता. त्यांनी आधी दुधाच्या पिशव्यांचा वास घेतला, नासलंय की काय म्हणून. मग खाली पाहिलं. दाराबाहेरचं पायपुसणं अर्धं ओलं झालं होतं आणि त्याच्या कोरड्या अर्ध्या भागावर आमची मांजर पाय पोटाखाली घेऊन बसली होती.

वास मला आधीच आला होता. कशाचा आहे तेही कळलं होतं. तरी मी दुसरी सँडल हातात धरून तशीच उभी राहिले. काका ‘हल्ली’ म्हणाले होते. म्हणजे ही पहिली वेळ नव्हती. बाबा सकाळी दुधाला जाताना दार उघडत, तेवढ्यात ती बाहेर जाऊन पायपुसण्यावर बसत असे. ती तिची हवा खायची वेळ आहे, असं आम्ही सगळे समजत होतो.

इतक्या वर्षांत ती एकदाही आपल्या वाळूच्या ट्रेबाहेर गेली नव्हती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली मला ती सापडली, तेव्हा माझ्या तळहाताएवढी होती. वर आणून वाळूत ठेवली तर तिने आपणच उकरलं, काम उरकलं आणि वर नीट वाळू ओढली. आई तेव्हा म्हणाली होती, “हिला कुणी शिकवलं? तुला शिकवता शिकवता माझी दोन वर्षं गेली.” त्या एका गुणावर ती आमच्या घरात राहिली. आईला प्राणी आवडत नाहीत, पण स्वच्छतेपुढे तिचं काही चालत नाही.

“हे काय आता नवीन?” बाबा म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, पायपुसण्याकडे बघून.

मी पायातली सँडल काढली, पायपुसणं बादलीत टाकलं, आणि ऑफिसला उशिरा गेले.

दादाचं लग्न नुकतंच झालं होतं. वहिनी वर्ध्याकडची. ती घरात आली तेव्हा बिबवेवाडीतल्या आमच्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांच्या गाद्या, आहेराची भांडी आणि मिठाईचे रिकामे पुठ्ठे यांतून वाट काढत चालावं लागत होतं. दिवाणातल्या सगळ्या रजया बाहेर निघालेल्या. घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास. तो इतके दिवस राहिला की पुढे पुढे आम्हाला तो येईनासा झाला.

वहिनी माझ्याहून मोठी असूनही मला ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हणायची, नणंद म्हणून. मला त्याचं ओझं व्हायचं, पण तसं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. तीही अबोल होती. आमचं बोलणं म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात “चहा?” आणि त्यावर “हो.” दोन लाजाळू माणसं एका घरात आली की ती एकमेकांना फार सांभाळून राहतात आणि लोकांना वाटतं, यांचं पटत नाही.

बोलत नसली तरी तिचे हात सतत चाललेले असत. कपाटांत नवे कागद घातले. मसाल्यांच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या. जुन्या मलमलीचे तुकडे कापून त्यात डांबराच्या दोन-दोन गोळ्या बांधल्या, निळ्या दोऱ्याने, आणि त्या इवल्या पुरचुंड्या चपलांच्या रॅकमध्ये, बेसिनखाली, मोरीच्या कोपऱ्यात ठेवल्या. आईने त्यातली एक उचलून मला दाखवली होती. “गाठ बघ किती सुबक आहे. शिक जरा.” वहिनी मान खाली घालून हसली होती. तिच्या सासरची पहिली शाबासकी तीच असावी.

पायपुसण्यानंतर दादाची लॅपटॉपची बॅग झाली. मग हॉलमधली सतरंजी. प्रत्येक वेळी घरात कुणीतरी थबकायचं, नाक वर करायचं, आणि सगळे माझ्याकडे बघायचे. आमच्या घरात या गोष्टीला शब्दच नव्हता. आई ‘घाण’ म्हणायची, बाबा ‘तो प्रकार’, दादा ‘ॲक्सिडेंट’. मला इंग्रजीतले सगळे शब्द माहीत होते, शाळेत ते चेहरा न हलवता उच्चारायला शिकवलं होतं. पण ते शब्द घरात काढले की मीच घरात पाहुणी असल्यासारखी वाटते. म्हणून मी बोलत नसे. पुसत असे.

आणि मग एका संध्याकाळी वहिनीची वाकळ. तिच्या आईने जुन्या लुगड्यांची हाताने शिवलेली, माहेरून आणलेली एकच अशी वस्तू जी आहेरात मांडलेली नव्हती. मी ऑफिसातून आले तर बाथरूममध्ये नळ सुरू होता. दार अर्धवट उघडं. वहिनी पाटावर बसून वाकळ घासत होती. ओली वाकळ फार जड होते. ती दोन्ही हातांनी उचलून पिळायचा प्रयत्न करत होती आणि जमत नव्हतं. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी ती पिळली. मला माफी मागायची होती. ती म्हणाली, “राहू द्या ताई, वाळून जाईल,” आणि मी राहू दिलं.

येरवड्याची मावशी त्याच आठवड्यात आली. दिवाणावर मांडी घालून तिने चहाची बशी हातात घेतली, सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. “नवी सून आली की जुनं मांजर रुसतं. तिला सून पसंत नाही.”

“पसंती विचारायला हवी होती म्हणजे,” दादा म्हणाला.

“हो, पत्रिका मांजराला दाखवायची राहिली,” आई म्हणाली.

सगळे हसले. वहिनीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला ते दिसलं. तिने बशा गोळा केल्या आणि आत गेली. मांजर तिच्या वाटेत होती. वहिनी तिला वळसा घालून गेली, एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला घालावा तसा.

मी मांजरीला डॉक्टरांकडे नेलं. मुख्य रस्त्यावर एका मेडिकलच्या वर त्यांचा दवाखाना आहे. त्यांनी पोट दाबून पाहिलं, तपासणी करून घेतली. आजार काही नव्हता. “ट्रेमध्ये काही बदललंय का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“जागा? वाळू?”

“नाही.” खरंच नव्हतं. तीच वाळू, तीच स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी, वॉशिंग मशिनच्या शेजारची तीच जागा.

“घरात कुणी नवीन?”

मी मांजरीच्या पिंजऱ्याची कडी लावत बसले. शेवटी म्हणाले, “वहिनी आली आहे.”

“मग त्याचा ताण असेल,” ते म्हणाले, “होतं असं.” म्हणजे पदवी घेतलेल्या माणसानेही मावशीचंच सांगितलं. घरी आल्यावर आईने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मी म्हणाले, “काही नाही झालेलं.” वहिनी भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी पाणी प्यायला उठले तर हॉलमधून आवाज आला. आई, बाबा आणि दादा बोलत होते, नेहमीच्याच आवाजात. मी पॅसेजमध्ये थांबले.

“रविवारी सकाळी,” बाबा म्हणत होते. “गर्दी नसते.”

“मावशीच्या घराच्या पुढे मासळीवाले बसतात,” दादा म्हणाला. “उपाशी नाही राहणार.”

“नदीपलीकडे न्यायचं म्हणजे परत येत नाही,” आई म्हणाली. “पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं, बाहेरचं काही दिसता कामा नये. आणि सरळ रस्त्याने नको जाऊ रे. दोन-चार वळणं जास्त घे, नाहीतर वास काढत येतात.”

“हिला सांगायचं का आधी?” दादाने विचारलं.

“नंतर सांगू. ती काही बोलणार नाही,” आई म्हणाली. “रडेल थोडी.”

ग्लास माझ्या हातात होता. मांजर सोडणार, या धक्क्याला मी बहुतेक तयार होते. तयार नव्हते ती त्या कृतीला. पोतं, नदी, जास्तीची वळणं. आई थालीपीठ कसं लावायचं ते सांगते, तशी सांगत होती. म्हणजे तिने हे पाहिलं होतं, कदाचित केलंही होतं. ज्या माणसांबरोबर मी रोज जेवते, त्यांना हे सगळं आधीपासून येत होतं. आणि माझ्याबद्दलचं ते वाक्य. ती काही बोलणार नाही. ते त्यांनी दुष्टपणे म्हटलं नव्हतं. तूरडाळ संपली आहे, तसं म्हटलं होतं.

मी पाणी न पिता खोलीत आले. मांजर माझ्या उशीवर झोपली होती. माझ्या उशीवर मात्र तिने कधी काही केलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी ट्रे रिकामा करायला घेतला. एरवी मी वरवरची वाळू चाळणीने काढायची आणि नवी भर घालायची. त्या दिवशी मात्र सगळा उपसायचा ठरवला. काय शोधत होते ते मला माहीत नव्हतं. फक्त काहीतरी करायचं होतं, ज्यात बोलावं लागणार नाही. वाळू पिशवीत ओतली. तळाशी मी नेहमी वर्तमानपत्र घालते. ते उचललं.

खाली चारही कोपऱ्यांत एकेक पांढरी पुरचुंडी होती. मलमलीचा तुकडा, निळा दोरा, सुबक गाठ.

मी एक उचलून नाकाशी नेली आणि डोळ्यांत पाणी आलं इतका तो वास उग्र होता. इतके दिवस मी या ट्रेवर वाकत होते. घरभर तोच वास असल्यामुळे मला तो कळलाच नव्हता. आणि मांजरीला रोज, त्या वासात तोंड खुपसून, त्यावर बसायचं होतं. मी जमिनीवर बसून राहिले. ती तिथे जात नव्हती याचं नवल नव्हतं. इतके दिवस प्रयत्न करत राहिली असेल, येऊन हुंगून परत जात असेल, आणि आम्ही तिच्या रुसण्यावर विनोद करत होतो.

“ताई.”

वहिनी दारात उभी होती, हातात धुवायच्या कपड्यांची बादली. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, रिकाम्या ट्रेकडे पाहिलं. बादली खाली ठेवली.

“ते मी ठेवलं,” ती म्हणाली. “काय झालं त्याला?”

मी सांगितलं. मांजरीला हा वास सहन होत नाही, डांबराच्या गोळ्या तिच्यासाठी विषारी असतात, म्हणून ती इथे येत नसणार. तीन-चार वाक्यं असतील. वहिनीशी मी एका वेळी एवढं कधीच बोलले नव्हते.

तिचा चेहरा बघता बघता उतरला. “लग्नानंतर पाहुणे यायचे न,” ती म्हणाली. “मावशी म्हणाल्या होत्या, घरात मांजराचा वास येतो. मला वाटलं, आता हे माझंही घर आहे, लोक काय म्हणतील. आमच्याकडे तर आई सगळीकडे ठेवते. मोरीत, न्हाणीत, सगळीकडे. आणि इकडे आईंनीही चांगलं म्हटलं होतं, म्हणून मग...” ती थांबली. “मी तर समजून राहिली होती, तिला मीच पटली नाही. माझ्याकडे पाहूनच नाही राहिली न ती. मी म्हटलं, जनावराला कळते माणूस कसं आहे ते.”

एवढे दिवस ही बाई आमच्या घरात एका मांजरीकडून नापास झाल्यासारखी वावरत होती.

“आता मीच आईंना सांगते,” ती म्हणाली. पण जागची हलली नाही. मग तिने आवाज अगदी बारीक केला. “नाहीतर नका सांगू, ताई. आत्ताच नका सांगू. सगळ्यांची नुकसानी झाली, ह्यांची बॅग गेली. म्हणतील, आल्या आल्या काय करून ठेवलं.”

ती घाबरली होती, आणि ती आम्हाला घाबरली होती. आईला, जी टीव्ही बघताना झोपते. बाबांना, जे चहा गार झाला तरी पुन्हा गरम करून मागत नाहीत. आमच्या घराला कुणी घाबरू शकतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. हॉलमधलं ते पोत्याचं बोलणं ऐकून बसला होता, त्याहून हा धक्का मोठा होता.

“नाही सांगत,” मी म्हणाले.

मी ट्रे साबणाने घासला, उन्हात वाळवला, नवी वाळू घातली. पुरचुंड्या कागदात गुंडाळून खालच्या कचरापेटीत टाकून आले. डॉक्टरांना मेसेज केला. वहिनी दोनदा येऊन बघून गेली. रात्रीच्या जेवणाआधी मांजर ड्राय बाल्कनीत आली, ट्रेच्या काठावर नाक टेकवलं, आणि मागे वळून निघून गेली. आम्ही दोघींनी ते पाहिलं.

रविवारी सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली. आम्ही सगळे मागे बसलो. त्रिसरण झालं, पंचशील झालं. प्राण्यांना इजा करणार नाही, हे शील सगळ्यात पहिलं येतं, आणि मी ते लहानपणापासून पाठ म्हणत आले आहे. त्या दिवशी मी ते म्हणताना बाबांच्या पाठीकडे बघत होते. त्यांचा आवाज तिथे जरा घाईत गेला, किंवा मला तसं वाटलं.

वंदना झाल्यावर ते उठले आणि ड्राय बाल्कनीतून तांदळाचं रिकामं पोतं घेऊन आले.

“आपण मारत नाही आहोत,” ते म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं. “सोडतोय. तिकडे तिला खायला मिळेल.”

दादा गाडीची किल्ली शोधत होता. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली, मी रडले तर धरायला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती आणि त्यावरचे कप एकमेकांना लागून बारीक वाजत होते. तेवढ्यात माझा फोन थरथरला. डॉक्टरांचं उत्तर होतं. गोळ्या काढल्यात ते बरं केलंत, पण प्लास्टिकमध्ये तो वास मुरतो. ट्रेच टाकून द्या, नवा आणा, वापरेल. आणि तिला एकदा दाखवून जा.

बाबांनी पोतं जमिनीवर पसरलं आणि त्याचं तोंड उघडलं. ते मांजरीला शोधायला वळले, तर ती दिवाणाखालून आपणच बाहेर आली. पोत्याजवळ गेली, ते हुंगलं. मग आत शिरली, गोल फिरली, आणि तोंड बाहेर काढून बसली. नवी पिशवी, नवं खोकं, काहीही दिसलं की ती तशीच बसते. तिने बाबांकडे पाहून डोळे मिटले.

बाबा वाकलेले, तसेच राहिले. त्यांच्या हातात सुतळी होती.

“आई,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “मला जरा एक सांगायचं होतं...”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिने तो चहाचा ट्रे छातीशी धरला होता. पुढे काय होणार ते मला लख्ख दिसलं. ती सांगेल, कुणी ओरडणारसुद्धा नाही. आई फक्त “असं होय” म्हणेल, मावशीला फोन जाईल, आणि ती गोष्ट पुढच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, हसत हसत सांगितली जाईल. वहिनी दर वेळी सगळ्यांचं झाल्यावर हसेल.

मी आयुष्यात कुणाचं बोलणं मध्येच तोडलं नव्हतं. माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो मोठा निघाला.

“बाबा, सुतळी ठेवून द्या. तिच्या ट्रेला डांबराच्या गोळ्यांचा वास लागलाय, म्हणून ती तिथे जात नाही. मी आज नवा आणते. ती कुठेही जाणार नाही. आणि गोळ्या कुणी ठेवल्या, ते या घरात कुणी कुणाला विचारायचं नाही.”